हवेत शिजणारी धूळ
(एअर फिल्टर बसवून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या आमच्या काउंटरवर एकाच दिवशी दोन फिल्टर आले. एक द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यातला. त्याच्या घड्यांवरून बोट फिरवलं तर तवा पुसल्यासारखं काळं लागत होतं. दुसरा गंगापूर रोडच्या एका बंगल्यातला. अंगणात आंबा, कुंपणाला निलगिरी. तो जेमतेम राखाडी. दोन्ही आठ-आठ महिने चाललेले. बंगल्यातल्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे धूळच नाही हो. अजून वर्षभर चालेल ना?" हवा साफ करणाऱ्या त्यांच्या मशीनचा झोत मात्र मंदावला होता. काकूंना उभ्याउभ्या जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहीत आहोत.

धूळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उखडलेला रस्ता आणि बांधकामाची वाळू येते. ती धूळ जाड असते, लवकर खाली बसते, बरीचशी नाकातच अडते. छातीत खोलवर जातो तो पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. या बारीक कणांतले काही धुरातून तयारच बाहेर पडतात, जसं डिझेलची काजळी किंवा पेटवलेल्या पाचोळ्याचा धूर. पण मोठा वाटा असा असतो की तो कोणी कण म्हणून सोडलेलाच नसतो. बाहेर पडतो वायू, आणि त्याचा कण हवेतच शिजून तयार होतो.

कोळसा जळतो तिथे सल्फर डायऑक्साइड निघतो. आपल्याकडे एकलहऱ्याचं वीजकेंद्र कोळशावरचं आहे, कारखान्यांच्या बॉयलरमध्येही काही ठिकाणी कोळसा जळतो. हवेत या वायूचं हळूहळू सल्फ्युरिक ॲसिड होतं. गाड्यांच्या इंजिनातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, त्यांचं नायट्रिक ॲसिड होतं. मग यात अमोनिया येतो. शेतात वरवर फेकलेला युरिया आणि गोठ्यातलं शेण-मूत्र ही त्याची मोठी ठिकाणं. आम्ल आणि अमोनिया भेटले की मीठ तयार होतं: अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट. ही मिठं पांढरी असतात. काळी दिसते ती काजळी. म्हणजे फिल्टर उजळ दिसतो एवढ्यावरून तो रिकामा आहे असं समजू नका. काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं त्यांच्या अंगणात आहे.

झाडंही वायू सोडतात. निलगिरीचं पान चुरगाळलं की येणारा वास, आंब्याच्या पानाचा वास, संत्र्याची साल दिव्यावर पिळली की तडतडणारे थेंब, हे सगळे टर्पिन नावाच्या कुळातले पदार्थ. आयसोप्रीन नावाचा आणखी एक वायू कित्येक झाडांच्या पानांतून ऊन चढलं की आपोआप निघतो, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जगभरात झाडं दरवर्षी सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन सोडतात. हवेतला ओझोन आणि उन्हात तयार होणारे इतर तिखट रेणू या वाफांना गाठतात, त्या जड होतात आणि आधीच्या कणांवर जाऊन चिकटतात. दाट जंगलावर दिसणारा निळसर धूसरपणा झाडांच्या या वाफांमुळे येतो, असं वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९६० सालीच मांडलं होतं.

मग झाडं तोडायची का? मुळीच नाही, आणि हे आम्ही कळकळीनं सांगतो. झाडाच्या वाफेचा किती कण होणार, हे बरंचसं आपल्या धुरावर ठरतं. हवेत सल्फेटचे आम्लधर्मी कण असले की आयसोप्रीनचे पदार्थ त्यांत जास्त मुरतात. रात्री गाड्यांच्या नायट्रोजन वायूपासून बनलेला एक रेणू टर्पिनवर तुटून पडतो. झाड तेच, वाफ तीच, पण शहराच्या धुरात तिचे जास्त कण होतात. धूर कमी झाला की झाडांच्या वाट्याचे कणही कमी होतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आली. त्याचा फायदा असा दुहेरी आहे.

नाशिककरांसाठी थंडीचे दिवस वेगळे. निफाडचा पारा उतरतो तेव्हा जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. पातेल्यावर झाकण बसावं तसा धूर खाली कोंडतो. शिवाय अमोनियम नायट्रेट उन्हात पुन्हा वायू होऊन विरतं, थंड ओलसर पहाटे मात्र कण म्हणून टिकतं. म्हणून दम्याच्या पेशंटनी डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाऐवजी ऊन वर आल्यावर फिरायला जावं.

नाशिक २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवेची मानकं न पाळता आलेल्या शहरांच्या यादीत आहे. पीएम २.५ ची आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५.

घरातही हेच शिजतं. लिंबाच्या वासाच्या लादी पुसायच्या लिक्विडमध्ये लिमोनिन असतं, ओझोन मिळाला की त्याचे बारीक कण होतात. म्हणून ओझोन सोडणारं "हवा ताजी करणारं" मशीन आम्ही ठेवत नाही, तुम्हीही दुसरीकडून घेऊ नका. फोडणी, उदबत्ती, मच्छरची कॉइल यांच्या वेळी एक्झॉस्ट लावा.

एसीची जाळी पीएम २.५ अडवत नाही. त्याला हेपा, म्हणजे बारीक तंतूंचा दाट फिल्टर लागतो. चांगला हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो, पण वायू धरत नाही. वायूसाठी कार्बनचा थर लागतो आणि तो भरला की बदलावाच लागतो. पुढची जाळी धुवा, हेपा कधीही धुवू नका, पाण्यानं त्याचे तंतू बिघडतात. बदलायची वेळ रंगावरून नाही, चाललेले तास आणि झोत यांवरून ठरवा. काकूंचा फिल्टर आम्ही त्याच दिवशी बदलला.

जुना फिल्टर आणताना झटकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून आणा, आणि बसवल्याची तारीख वर पेनानं लिहा.