उभ्या गाडीचे आजार: जुनी स्पोर्ट्स कार घेतल्यावर आधी काय तपासावे

लोखंडाला गंज चढायला पाऊस लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि तेवढ्यावर गंजाची रासायनिक क्रिया सुरू होते. मिठामुळे हा थर विजेचा चांगला वाहक बनतो, शिवाय मीठ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे क्रियेचा वेग वाढतो. कोलशेतपासून ऐरोली, वाशी, बेलापूरपर्यंत खाडीकाठच्या सगळ्या वस्तीत ओलावा आणि खारी हवा दोन्ही आहेत. पावसाळ्यात तर आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते.

म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने ‘फारच कमी चाललेली’ या शब्दांवर हुरळून जाऊ नये. एमजीबी असो, ट्रायम्फ स्पिटफायर असो की पोर्शे ९४४, कमी चाललेली म्हणजे जास्त उभी राहिलेली. चालत्या गाडीची झीज ठरावीक जागी होते आणि मिस्त्रीला ती माहीत असते. उभ्या गाडीत मात्र ब्रेक ऑइल, पेट्रोल, रबर, वायरिंग आणि पत्रा सगळे एकाच वेळी बिघडत असते, आणि तेही बहुतेक आतून. गाडी घरी आणायची ती फ्लॅटबेडवरच. विकणारा ‘चालवत घेऊन जा’ म्हणाला तरी नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडून घ्यावा, कोणी पाठवलेल्या फोटोवरून नव्हे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झाली असतील आणि गाडी मूळ स्वरूपात असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते. तिचा नंबर ‘व्हीए’ मालिकेतला असतो, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. या नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

तपासणीची सुरुवात इंजिनापासून करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण इंजिन चालू झाले नाही तर फक्त गाडी जागेवर राहते. ब्रेक लागला नाही तर काय होते ते सांगायला नको. त्यामुळे पहिला मान ब्रेकचा.

नेहमीच्या वापरातले डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉल वर्गातले असते आणि ते हवेतले पाणी शोषून घेते. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना डिस्क आणि तिला दाबून धरणारे कॅलिपर तापतात, मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकते, गाडी थांबत नाही. तेच पाणी कॅलिपरच्या पिस्टनला आतून गंजवते. जुन्या ऑइलचा रंग चहासारखा झाला असेल तर तपासणीची वाट पाहू नका, सगळे बदला. डॉट ४ चा सीलबंद एक लिटरचा डबा पुरतो. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा भाग) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावे. उरलेले ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, कारण उघडलेला डबाही हवेतून पाणी ओढतो. सिलिकॉनचे डॉट ५ यात कधीही मिसळू नये. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस चुकून आत गेले तर सील फुगतात आणि सगळी व्यवस्था उघडावी लागते.

खरा फसवा भाग म्हणजे चाकाजवळची रबरी ब्रेक होज. बाहेरून ती काळीभोर, धड दिसते. आतले अस्तर मात्र वर्षानुवर्षे फुगत जाऊन मधली वाट सुईच्या जाडीइतकी उरते. पायाच्या जोराने ऑइल कॅलिपरपर्यंत जाते, पण पाय काढल्यावर परत यायला तेवढा जोर नसतो. ब्रेक धरलेलाच राहतो, चाक तापते. हे ओळखणे सोपे आहे. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा (फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका). पेडल दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवून पाहा. अडकले तर ब्लीड निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) थोडे सैल करा. थोडे ऑइल उडून चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडला होता, म्हणजे दोष होजमध्ये किंवा तिच्या मागे मास्टर सिलिंडरकडे. निपल सोडूनही अडकलेलेच राहिले तर पिस्टन गंजून जाम झाला आहे. होज चारही चाकांच्या एकदम बदलाव्यात. लोखंडी पाइप क्लिपखाली हमखास गंजतात, तिथली क्लिप काढून बघावी लागते. नवा पाइप घालायचाच असेल तर तांबे-निकेल मिश्रधातूचा घालावा, तो आपल्या हवेत गंजत नाही. एमजीबीच्या सुरुवातीच्या मॉडेलसारख्या अनेक गाड्यांत ब्रेकचे एकच सर्किट असते. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. अशा गाडीत हँडब्रेक ही शोभेची वस्तू नाही, त्याची केबल मोकळी आणि ताणलेली हवी.

टायरवर नक्षी शिल्लक आहे यावर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला डॉट (DOT) अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा: २४१८ म्हणजे २०१८ चा २४ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा आहे, तो ताबडतोब काढा. ऑक्सिजन आणि ओझोनमुळे रबराच्या साखळ्या तुटतात, रबर कडक होते आणि आतले थर एकमेकांना सोडतात. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी, नक्षी असो वा नसो, बदल. स्टेपनीलाही हाच नियम.

तारांची चाके असतील तर प्रत्येक तारेवर लहान पान्याने टिचकी मारा. ताणलेली तार स्वच्छ वाजते, सैल तार बोदा आवाज करते. या चाकांना आत ट्यूब लागते, कारण तारांच्या भोकांतून हवा जाते. मधोमध एकच मोठा नट असलेल्या चाकात आणखी एक गोष्ट काटेकोर असते. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेला नट सुटतो, म्हणजे उलट दिशेला आवळला जातो. म्हणून डाव्या बाजूला उजवा आटा आणि उजव्या बाजूला डावा आटा असतो. कोणीतरी दुरुस्तीत हब किंवा एक्सल डावे-उजवे केले असेल, तर चालता चालता नट सैल होत जातो. आटे कुठल्या बाजूचे आहेत हे आधी बघून घ्यावे. मग चाक वर-खाली धरून हलवा. खळखळ लागली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळते ती खीळ) किंवा सस्पेन्शनचा जोड.

आता पेट्रोल. आपल्या पंपांवर सध्या मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाण्याशी सहज मिसळते. टाकीत दमट हवेचे पाणी जमत गेले, की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर होऊन तळाशी बसतो, आणि पेट्रोल ओढणारा पाइपही बहुतेक तळाशीच असतो. जुने नैसर्गिक रबर आणि जुन्या प्रतीचे नायट्राइल हे कृत्रिम रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते, मग चिरते. तापलेल्या एक्झॉस्टच्या वर चिरलेली पेट्रोल होज म्हणजे थेट आग. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी, एकही न सोडता, इथेनॉलला टिकणारी घालावी. सील व्हायटॉन या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत. टाकी पूर्ण रिकामी करून आत टॉर्च किंवा एंडोस्कोप टाकून बघा. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो आणि त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमधली, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकवतो. मग पेट्रोल ओसंडून वाहते. दोन किलोचे अग्निशामक हाताशी येईल असे बसवायचे, डिकीत नव्हे.

इथेनॉलचा दुसरा परिणाम हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणावर. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५ लागते. जुन्या पेट्रोलसाठी बसवलेला कार्ब्युरेटर मात्र तेवढेच इंधन सोडतो, म्हणजे मिश्रण सात-आठ टक्के पातळ (हवेच्या मानाने कमी इंधनाचे) झाले. पातळ मिश्रणाने गाडी अडखळते, इंजिन तापते. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांतल्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीचा) षटकोनी नट एका वेळी एकच बाजू खाली फिरवून मिश्रण गडद, म्हणजे जास्त इंधनाचे करता येते. मग इंजिन चालू असताना कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलून ऐकायचे. इंजिनाचा वेग क्षणभर किंचित वाढून स्थिरावला तर सेटिंग बरोबर, वाढून तसाच राहिला तर गडद, इंजिन बसू लागले तर पातळ.

इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी सेल्फ मारू नका. कोरड्या सिलिंडरमध्ये गंजलेली रिंग एका झटक्यात तुटते. सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर, साधारण ५ मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या नटाला गोटी पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. अडले तर जोर लावू नका. ऑइलच्या पट्टीचा वास घ्या. पातळी वर आणि वास पेट्रोलचा, म्हणजे इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली उतरले असण्याची शक्यता आहे. ऑइल-फिल्टर बदला, एमजीबीला फिल्टर धरून सुमारे सव्वाचार लिटर २०डब्ल्यू-५० ग्रेडचे ऑइल लागते. प्लग बाहेरच ठेवून, इग्निशनची जोडणी काढून, प्रेशर गेज हलेपर्यंत थोडे थोडे सेल्फने फिरवा, मग प्लग बसवा. गाडी चालू झाली आणि गरम झाली की कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो दहा टक्क्यांच्या आत हवा. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढले तर रिंगा गेल्या, नाही वाढले तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी असतील तर हेड गॅस्केट. पोर्शे ९४४ सारख्या गाडीत टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, त्यामुळे बेल्ट कधी बदलला याचे बिल समोर नसेल तर तो बदललेला नाही असेच समजावे.

भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले. शिशाची संयुगे व्हॉल्व्हच्या सीटवर संरक्षक थर देत. तो नसेल तर बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो. खूण अशी की टपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट दर तपासणीला कमी झालेली सापडते. तसे दिसले तर पुढे हेड उघडताना कडक सीट बसवून घ्यायच्या, घाईने नाही.

घोडबंदर रोडच्या कोंडीत जुन्या रेडिएटरचे काय होते ते वेगळे सांगायला नको. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकणे हा त्यावर उपाय नव्हे. गाळाने भरलेला रेडिएटर उलट्या दिशेने धुवून घेणे आणि टोपी नवी घालणे हा उपाय आहे. दहा पीएसआयची टोपी पाण्याचा उत्कलनबिंदू जवळपास ११५ अंशांवर नेते, तिचे रबर गेले की हे सगळे संरक्षण जाते. इथे थंडीने पाणी गोठत नाही म्हणून कुलंट नको असे समजू नका, त्यातली गंजरोधक रसायने हवीत. मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्या, बोअरचे किंवा टँकरचे नको.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचे कुठले टोक बॉडीला आहे ते बघा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत आणि त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते. सवयीने उलटी बॅटरी जोडली की रेडिओ किंवा नंतर बसवलेले इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळते. ‘लाइट मंद, सेल्फ आळशी’ या तक्रारीत निम्म्या वेळा दोष अर्थिंगचा असतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला, दुसरे इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर जोड सोडून, घासून, पेट्रोलियम जेली लावून परत आवळा.

पत्र्यासाठी कापडात गुंडाळलेले लोहचुंबक आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुरते. दाराखालची पेटी, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे जोड आणि एमजीबीत सीटमागचे बॅटरीचे कप्पे आधी ठोकून बघा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून जोडाचा पत्रा फुगलेला दिसला तर रंगाखाली काम बरेच पुढे गेलेले असते. दारांच्या आणि पेटीच्या तळाची पाणी जायची भोके तारेने मोकळी करा, मग पोकळीत मेणाचा फवारा. हे काम पावसाळ्याआधी, मे महिन्यातच. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे कव्हर घालू नये, हवा खेळणारे कापडी घ्यावे. पाणी शिरणाऱ्या तळघरातल्या पार्किंगपेक्षा खांबांवरच्या इमारतीखालची मोकळी जागा बरी.

पहिली फेरी छोटी आणि सपाट रस्त्यावर असावी. नवी मुंबईत पहाटेचा पाम बीच रोड चालेल. ठाण्यातून गायमुखचा घाट पहिल्या दिवशी नको. पाच-सहा किलोमीटरनंतर थांबून हाताचा तळवा प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे, तिथूनच परत फिरा. चाकांचे नट पहिल्या फेरीनंतर आणि पुन्हा शंभर किलोमीटरनंतर आवळून घ्यायचे.