वेल्डिंग जनरेटरवर नॉब दोन का असतात?

इंजिनवर चालणाऱ्या जुन्या घडणीच्या डीसी वेल्डिंग जनरेटरसमोर नवखा माणूस उभा राहिला की एका जागी हमखास अडतो. करंट कमी-जास्त करायला एक नॉब पुरे असताना इथे दोन कशाला? एक खटखट करत टप्प्याटप्प्याने फिरणारा, दुसरा 0 ते 100 आकड्यांवरून अलगद सरकणारा. शिकवणारा सांगतो, "याने मोठं ठरव, त्याने बारीक लाव." ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजलं नाही तर तेच यंत्र एकाच्या हाती वळणात वागतं आणि दुसऱ्याच्या हाती रॉड चिकटवत बसतं. ते समजायला आर्कच्या, म्हणजे रॉड आणि धातू यांच्यातल्या फटीतून अखंड वाहणाऱ्या झगझगीत विजेच्या, स्वभावापर्यंत मागे जावं लागतं.

आर्क ही गोष्ट वेल्डिंगपेक्षा जुनी. 1802 मध्ये रशियात वासिली पेत्रोव्ह यांनी मोठ्या बॅटरीवर ती पाहून तिचं वर्णन केलं. पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी कोळशाच्या दोन कांड्यांमधला तो झगझगीत प्रकाश लोकांना दाखवला. धातू जोडायला तिचा उपयोग व्हायला 1881 साल उजाडलं. निकोलाय बेनार्डोस यांनी कार्बनची कांडी वापरून आर्कने धातू सांधला, पण वीज बॅटरीतून घेतली. 1888 मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी दोन पावलं एकदम टाकली: कार्बनऐवजी वितळून सांध्यात उतरणारा धातूचा रॉड घेतला, आणि बॅटरी सोडून थेट डायनामो जोडला. आजच्या वेल्डिंग जनरेटरचा वंश इथून मोजायला हरकत नाही.

आणि इथेच अडचण सुरू झाली. साध्या तारेत करंट वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं. आर्कचं उलटं असतं. करंट वाढला की तिची वाट जास्त तापते, जास्त मोकळी होते, आणि तोच करंट वाहायला कमी व्होल्टेज पुरतं. म्हणजे स्थिर व्होल्टेजच्या डायनामोवर आर्क थेट जोडली तर ती एक तर विझणार नाही तर करंट बेफाम खेचणार. हर्था एअर्टन यांनी 1890 च्या दशकात आर्कची लांबी, करंट आणि व्होल्टेज यांचं नातं चिकाटीने मोजून मांडलं. त्यांचं काम प्रकाशासाठीच्या आर्क दिव्यांवर होतं, पण वेल्डिंगचं यंत्र रचणाऱ्यापुढे तोच प्रश्न होता. या विषयात त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आर्कला लगाम घालायचा पहिला उपाय म्हणजे मध्ये रेझिस्टन्स टाकणं. उपाय चालतो, पण महाग पडतो. समजा जनरेटर 60 व्होल्ट देतोय आणि 100 अँपिअरवर आर्कला लागतात 24. मधले 36 व्होल्ट रेझिस्टन्समध्ये जिरले, म्हणजे 3600 वॅटची नुसती उष्णता. प्रत्यक्ष सांध्यावर पोचले 2400 वॅट. कारखान्यात एका मोठ्या जनरेटरवर अनेक वेल्डर बसवले तर हे एक वेळ चालवून घेता येतं. उघड्यावर, डब्यातल्या इंधनावर चालणाऱ्या यंत्राला ते परवडत नाही.

खरा उपाय जनरेटरच्या पोटातच निघाला. मुख्य चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या वाइंडिंगसोबत (तारेच्या वेढ्यांसोबत) आणखी एक वाइंडिंग बसवलं, ज्यातून वेल्डिंगचाच करंट वाहतो आणि जे मुख्य क्षेत्राच्या विरोधात काम करतं. करंट वाढला की विरोध वाढतो, क्षेत्र दुबळं होतं, व्होल्टेज आपोआप उतरतं. रेझिस्टन्समध्ये काही जाळावं लागत नाही. एका वेल्डरसाठी एक यंत्र, व्होल्टेज बदलता येणारं आणि हलवता येणारं, असं यंत्र लिंकन इलेक्ट्रिकने 1911 मध्ये बाजारात आणलं.

आता ते दोन नॉब. टप्प्यांचा नॉब त्या विरोधी वाइंडिंगचे किती वेढे वापरायचे ते ठरवतो. म्हणजे करंट वाढला की व्होल्टेज किती झपाट्याने उतरावं, तो उतार. अलगद फिरणारा नॉब मुख्य क्षेत्राचा करंट बदलतो. म्हणजे आर्क पेटण्यापूर्वी टोकाला उभं असलेलं व्होल्टेज. एकच करंट दोन वेगळ्या जोड्यांनी मिळतो, पण आर्क सारखी मिळत नाही.

उताराची रेषा सरळ धरून हिशेब करा. 100 अँपिअर, 24 व्होल्टचीच आर्क हवी आहे. पहिल्या जोडीत उभं व्होल्टेज 60 ठेवलं, दुसऱ्या जोडीत 90. रॉड वितळत्या धातूत टेकला आणि शॉर्ट झाला, तर पहिल्या जोडीत करंट सुमारे 167 अँपिअरवर उसळतो, दुसऱ्या जोडीत सुमारे 136 वरच थांबतो. पहिली आर्क खणते: रॉड जवळ नेला की जोर करते, चिकटू पाहणारा रॉड सोडवते, सांध्याच्या मुळात, म्हणजे तळाच्या फटीत, शिरते. दुसरी मऊ असते: पटकन पेटते, हात थोडा हलला तरी करंट फारसा ढळत नाही, पृष्ठभागावर लोण्यासारखी पसरते. म्हणून उभ्या किंवा डोक्यावरच्या सांध्याला टप्पा वरचा (विरोधी वेढे कमी) आणि बारीक नॉब खाली. सपाट, दिसायला नेटका थर हवा असेल तर टप्पा खालचा आणि बारीक नॉब वर. दोन नॉब ठेवले ते यासाठी.

या टप्प्यांच्या नॉबबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. आर्क चालू असताना तो फिरवू नका. त्याच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवरून वेल्डिंगचा करंट वाहत असतो, आणि टप्पा बदलताना तो तिथे तुटला की आतच ठिणगी पडते. अशा उघडलेल्या स्विचमध्ये पट्टीच्या कडेला मोहरीएवढे काळे खड्डे पाहिले आहेत. तिथून पुढे पट्टी तापत जाते आणि वेल्डर मात्र रॉडला दोष देत राहतो. बारीक नॉबला ही भीती नाही, कारण त्यातून फक्त क्षेत्राचा छोटा करंट जातो. रिमोटची लांब वायर टाकून तोच नॉब पाइपजवळ नेता येतो, तोही त्याचमुळे.

रॉड पॉझिटिव्हला जोडायचा की निगेटिव्हला हे ठरवणाऱ्या पोलॅरिटीच्या स्विचवरची जुनी नावं अशीच एका विसरलेल्या काळातली. सुरुवातीला रॉड उघडे असत, कोटिंग नसे, आणि ते निगेटिव्हला जोडूनच नीट चालत. तेव्हा तीच 'स्ट्रेट' पोलॅरिटी. स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्ग यांनी 1904 मध्ये ईसाब ही कंपनी स्थापन केली आणि कोटिंगचा रॉड पुढे आणला. पुढे चांगली कोटिंगं आली तसा रॉड पॉझिटिव्हला जाऊ लागला, आणि आज सर्रास वापरली जाणारी जोडणी 'रिव्हर्स' या नावाने राहिली. पाइपच्या सांध्याच्या मुळाला लागणारा सेल्युलोज कोटिंगचा 6010 क्रमांकाचा रॉड पॉझिटिव्हवर चालतो आणि त्याला खणणारी आर्क लागते. पाइपलाइनवाल्यांचा लिंकनच्या एसए-200 सारख्या यंत्रांवर जीव जडला तो यामुळेच.

आयडलचा, म्हणजे काम नसताना इंजिन मंद ठेवणारा, स्विच इंधन वाचवण्यासाठी आला. इंजिन खालच्या गतीवर गुरगुरत असतं. रॉड टेकताच सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी खटका) थ्रॉटल सोडतो, आवाज चढतो, आणि आर्क थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा उतरतो. पहिली ठिणगी अशा वेळी जरा मवाळ पडते, म्हणून मुळाचा थर भरताना बरेच जण स्विच कायम 'हाय'वर ठेवतात. मलाही तेच बरोबर वाटतं.

ग्राइंडरच्या सॉकेटची कथा थोडक्यात. एसए-200 सारख्या जुन्या यंत्रांवर तिथे 115 व्होल्ट डीसी मिळे: ब्रशवाली मोटर आणि बल्ब चालत, एसीवरच चालणारी इंडक्शन मोटर नाही. नव्या यंत्रांत तिथे एसी असतो. अनेक यंत्रांत त्याची फ्रीक्वेन्सी इंजिनच्या गतीला बांधलेली असते: चार पोलच्या अल्टरनेटरला (एसी देणाऱ्या जनरेटरला) 50 हर्ट्झसाठी 1500 आणि 60 हर्ट्झसाठी 1800 आरपीएम.

अल्टरनेटर, एसीचा डीसी करणारा सिलिकॉन रेक्टिफायर आणि पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर उतार ठरवायला वेढे बदलण्याची गरज उरली नाही. करंटचा एकच नॉब राहिला, आणि वायर वेल्डिंगला (रॉडऐवजी सतत पुढे सरकणारी तार वापरणाऱ्या पद्धतीला) स्थिर व्होल्टेज लागतं म्हणून शेजारी मोडचा स्विच आला. पण खणणारी की मऊ, ही निवड वेल्डरला सोडवेना. 'आर्क फोर्स' किंवा 'डिग' नावाचा नॉब तीच निवड परत देतो: रॉड जवळ गेला, व्होल्टेज पडलं, की करंट किती उसळू द्यायचा. काही यंत्रांच्या मोड स्विचवर पाइप वरून खाली भरण्यासाठी वेगळी जागाच असते, आणि तिथे इलेक्ट्रॉनिक्स जुन्या जनरेटरच्या वरच्या टप्प्यासारखं वागायला बसवलेलं असतं.