चौदाव्या दिवसाची रेघ

फलनानंतर पाच-सहा दिवसांचा मानवी भ्रूण म्हणजे शंभर-दोनशे पेशींचा पोकळ चेंडू. आकार टाचणीच्या माथ्यापेक्षाही लहान. आत एका बाजूला पेशींचा पुंजका असतो, त्यातूनच पुढे बाळ घडतं. चौदा-पंधराव्या दिवशी त्या पुंजक्यापासून बनलेल्या चकतीवर एक पुसटशी रेघ उमटते. डोकं कुठे, शेपटाकडचं टोक कुठे, डावं-उजवं कोणतं, हे आता ठरतं. रेघ उमटण्याआधी पुंजका दुभंगला तर जुळी होऊ शकतात. म्हणजे तोवर हा 'एक जण' की 'दोघं', हेही नक्की नसतं.

१९७८ मध्ये ब्रिटनमध्ये जगातली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली. शरीराबाहेर भ्रूण तयार होतात म्हटल्यावर प्रयोगासाठी ते किती दिवस वाढवू द्यायचे, हा प्रश्न आलाच. तिथल्या सरकारने १९८२ मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांची समिती नेमली. 'जीव नेमका कधी सुरू होतो' या न संपणाऱ्या वादात समिती अडकली नाही, आणि मला तिचं शहाणपण त्यातच दिसतं. भ्रूणाशी कसं वागावं, एवढंच तिने विचारलं आणि १९८४ च्या अहवालात चौदा दिवसांची हद्द आखली. १९९० मध्ये तिचा कायदा झाला. परवान्याशिवाय प्रयोग केला किंवा हद्द ओलांडली, तर तो गुन्हा. भ्रूण गोठवून ठेवलेला काळ मात्र मोजत नाहीत.

आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून हर्षा ही टेस्ट-ट्यूब बेबी जन्मली ती १९८६ मध्ये. अशा उपचारांसाठीचा कायदा आला २०२१ मध्ये. पस्तीस वर्षं! या कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतो. पुढे तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचा. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हद्द तीच आहे: चौदा दिवस किंवा ती रेघ, जे आधी येईल ते.

गंमत म्हणजे नियम झाला तेव्हा बशीतला भ्रूण चौदा दिवसांपर्यंत जगतच नव्हता. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळांनी तो बारा-तेरा दिवस वाढवला आणि नियमासाठी हात आखडला. २०२१ मध्ये स्टेमसेल (ज्यांतून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या सूचनांतली चौदा दिवसांपुढची सरसकट बंदी काढली. आता तर बीजांड-शुक्राणूंशिवाय, निव्वळ स्टेमसेलपासून भ्रूणासारखे गोळे तयार होतात. त्यांचं फलन झालेलंच नसतं, त्यामुळे दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची, हाच पहिला पेच आहे.