गुहागरच्या पुळणीवर ओडिशाची कासवीण

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला चढलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पायाला धातूचा टॅग सापडला. क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने तो मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावला होता. दोन्ही ठिकाणांमध्ये समुद्रमार्गे सुमारे ३,५०० किलोमीटर अंतर आहे. तिने गुहागरला १२० अंडी घातली आणि त्यांतून १०७ पिल्ले निघाली.

मादी आपल्या जन्मकिनाऱ्याकडेच परतते, हा नियम रुजला तो मुख्यतः ‘हिरवे कासव’ या दुसऱ्या समुद्री जातीवरून. प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी १९५५ पासून कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर कासवांना टॅग लावले, तेव्हा त्याच माद्या काही वर्षांनी पुन्हा तिथेच येताना दिसल्या. पुढे जीवशास्त्रज्ञ केनेथ लोमान यांच्या प्रयोगांतून कळले की पिल्लांना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जाणवते आणि ती त्यावरून दिशा धरतात. या ज्ञानाच्या आधाराने भारताच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची रिडले कासवे वेगवेगळी धरली जात होती. खरे तर रिडलेची किनाऱ्याशी बांधिलकी हिरव्या कासवाइतकी घट्ट नसते. एका जातीचा नियम दुसरीला लावताना हे पाहायला हवे होते.

दोन्हीकडची अंडी घालण्याची रीतही निराळी दिसते. गहिरमाथ्याला लाखो माद्या काही रात्रींत एकदम चढतात. तिथल्या या मेळ्याची नोंद अभ्यासकांनी १९७४ मध्ये घेतली. त्या गर्दीत मागून आलेली मादी आधीचे घरटे उकरते, फुटलेली अंडी कुजतात आणि शेजारची चांगली अंडीही नासतात. कोकणात मादी एकेकटी येते. इथे गर्दीचा त्रास नाही, पण एकट्या घरट्याला कोल्हा, कुत्रा आणि माणूस हे तिघेही सहज गाठतात. गावोगावी ही अंडी काढून खाल्ली आणि विकली जात. २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली. पुढे आंजर्ले, गुहागर आणि इतर गावांत कासवमित्र तयार झाले.

घरटे राखणे म्हणजे बहुतेक वेळा अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी हलवणे, आणि त्यात सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेची. मादीच्या पोटात प्राणवायू अगदी कमी असल्याने गर्भाची वाढ थांबलेली असते. अंडी वाळूत पडून हवा लागली की वाढ पुन्हा सुरू होते आणि काही तासांत गर्भ वरच्या बाजूने आतल्या पडद्याला चिकटतो. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांनी धरून ठेवणारे पीळ असतात, कासवाच्या अंड्यात ते नसतात. म्हणून गर्भ चिकटल्यावर अंडे फिरले की तो मरतो. लिंपस आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात लॉगरहेड या समुद्री कासवांच्या जातीवर हे दाखवून दिले.

यासाठीच फेरी पहाटे मारायची. वाळूवर येण्याचा आणि जाण्याचा माग दिसतो, रिडलेचे पाय आळीपाळीने पडत असल्याने तो डाव्या-उजव्या बाजूंना सारखा नसतो. अंडी घालून झाल्यावर मादी खड्डा बुजवते आणि अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू चोपते, त्यामुळे घरट्याचे तोंड वरून ओळखू येत नाही. भुसभुशीत जागा हाताने चाचपून शोधावी. काठी जोरात खुपसली तर अंडी फुटतात, आणि फुटलेल्या अंड्यांवर मुंग्या येतात. बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओली वाळू घालावी. अंडे ज्या बाजूने वर होते तसेच उचलून तसेच ठेवावे, झटकू नये, धुऊ नये. नवा खड्डा सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी सुरईसारखा रुंद करावा. तो ओल्या वाळूपर्यंत गेला नाही तर कडा ढासळतात. उधाणाच्या रेषेच्या खाली घेतला तर पाणी शिरून गर्भ गुदमरतात. दोन खड्ड्यांत तीन फूट अंतर ठेवावे.

कुंपणाची जागा निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. अंड्यात नर होणार की मादी, हे वाळूचे तापमान ठरवते. सरपटणाऱ्या प्राण्यांतला हा प्रकार मादलेन शार्निए यांनी १९६६ मध्ये सरड्यावर प्रथम नोंदवला, नंतर तो समुद्री कासवांतही आढळला. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात वाळू २९ ते ३० अंशांच्या वर राहिली तर माद्या अधिक, खाली राहिली तर नर अधिक. उबवणीला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, थंडीतल्या घरट्यांना जास्त. सगळे कुंपण भर उन्हात ठेवणे म्हणजे नर कमी करणे. निम्म्या भागावर सावलीची जाळी हा साधा उपाय आहे.

पिल्ले एकेकटी वर येत नाहीत. एकीने हालचाल केली की सगळी हलतात, वरची वाळू खाली पडते आणि घोळका हळूहळू वर सरकतो. वरची वाळू तापलेली असेल तर ती थांबतात, म्हणून बहुतेक वेळा रात्रीच बाहेर पडतात. घरट्यावर टोपली झाकली असेल तर रात्री आणि पहाटे ती वारंवार पाहावी लागते, नाहीतर अडकलेली पिल्ले सकाळच्या उन्हात सुकतात. बाहेर आल्यावर पहिला दिवसभर ती न थांबता पोहतात आणि त्यासाठी पोटात उरलेल्या बलकाची शिदोरी लागते. पाहुण्यांसाठी संध्याकाळपर्यंत टबात ठेवलेले पिल्लू ही शिदोरी टबातच खर्च करते. हे होता कामा नये. पुळणीवरचे दिवे विझवून, पाण्यापासून काही पावलांवर सोडून त्यांना स्वतः चालू द्यावे.

मोठ्या माद्या पुढे कुठे जातात, हे कोकणात उपग्रह टॅगमुळे, म्हणजे मादीची जागा उपग्रहामार्फत कळवणाऱ्या यंत्रामुळे, कळू लागले. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासला पहिला टॅग लावला. त्या कासविणीचे नाव प्रथमा. त्या हंगामात अशा पाच माद्या झाल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला टॅग लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. म्हणजे दोन किनाऱ्यांमधली वाट ०३२३३ च्या आधीच दिसली होती, पण ती अंडी घालून झालेल्या मादीची. ०३२३३ चे नवेपण हे की तिने दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घातली.

धातूचा टॅग फक्त दोन टोके सांगतो, मधली वाट नाही. तो उपयोगी पडतो तो कुणीतरी वाचला तरच. टॅग दिसला तर मादी अंडी घालून परत निघेपर्यंत थांबावे, तोंडासमोर विजेरी धरू नये, क्रमांक आणि मागच्या बाजूचा मजकूर दोन्ही लिहून घ्यावेत, फोटो फ्लॅशशिवाय काढावा. जिवंत कासवाचा टॅग काढू नये. पावसाळ्यात वाहून आलेल्या मेलेल्या कासवाचेही चारही पाय तपासावेत आणि ठिकाण व तारखेसह वनखात्याला कळवावे.