पाऊस पडेल का, हा सैन्याचा प्रश्नच नसतो

चेंदणी कोळीवाड्यातले आमचे एक काका, सगळं आयुष्य ठाण्याच्या खाडीत होडी घालण्यात गेलेलं, त्यांना मोबाइलवर हवामानाचं अ‍ॅप दाखवलं तर त्यातल्या ढगाच्या चित्राकडे बघतपण नाहीत. म्हणतात, "पाऊस पडूदे रे, वारा कुठनं हाय नि भरती किती वाजता ते सांग." सैन्यातले हवामानवाले नेमकं काय करतात ते मला या वाक्याने कळलं. आपल्याला घोडबंदर रोडला पाणी भरेल का एवढंच हवं असतं. तिकडे पायलटला ढगाचा तळ किती फुटांवर आहे ते हवं, तोफखान्याला वरच्या थरातला वारा, पाणबुडीवाल्याला समुद्राचं तापमान. हवा तीच, पण ज्याचं जे काम त्याप्रमाणे तिचं उत्तर काढून द्यायचं, आणि तेही वेळ सांगून.

नॉर्मंडीचंच बघा, जून 1944, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या या किनाऱ्यावर दोस्तराष्ट्रांचं सैन्य उतरणार होतं. पॅराशूटवाल्यांना चांदणं हवं होतं आणि बोटींना उजाडताना ओहोटी, म्हणजे जर्मनांनी किनाऱ्यावर पेरलेले अडथळे उघडे पडतील. दोन्ही जुळणारे दिवस तीनच, 5, 6 आणि 7 जून. (काकांना हे सांगितलं तर लगेच म्हणाले, पुनवेचं उधाण, ओहोटीपण लांबपर्यंत जाणार.) ठरली होती 5 तारीख. पण आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉडच्या पोस्टात मॉरीन फ्लॅविन नावाची मुलगी हवामानाच्या नोंदीपण घ्यायची, 3 जूनला तिचा 21वा वाढदिवस, आणि त्याच रात्रपाळीत तिला बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, भराभर उतरताना दिसला, म्हणजे वादळ येतंय. वरून फोन, रीडिंग परत तपास. तिने परत तपासलं, आकडा बरोबरच होता. ब्रिटिश हवामान अधिकारी जेम्स स्टॅगने दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवरला सांगितलं की 5 ला नको, आणि मग दोन वादळांमधली थोडी उसंत शोधून 6 तारीख दिली. तशीच ओहोटी परत मिळायला दोन आठवडे थांबावं लागलं असतं, आणि 19 जूनला तिथे असं वादळ आलं की अमेरिकनांचं तरंगतं बंदर मोडून पडलं! एका पोस्टातल्या मुलीने काटा नीट वाचला म्हणून केवढं वाचलं, मला तर हे वाचताना दरवेळी भरून येतं.

उलटं झालं, म्हणजे अंदाज चुकला, की काय होतं तेपण त्याच वर्षी दिसलं. डिसेंबरमध्ये पॅसिफिकमध्ये अमेरिकन ताफा टायफूनमध्ये, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळात सापडला, 3 डिस्ट्रॉयर युद्धनौका बुडाल्या, साधारण 790 खलाशी गेले.

आपल्याकडे हवाई दलात हवामानाची वेगळी शाखा आहे, नौदलाचं याचं ट्रेनिंग कोचीला होतं. कामाची उदाहरणं घ्यायची तर लेहचा विमानतळ 3,200 मीटरपेक्षा उंच, तिथे हवा आधीच विरळ आणि दुपारी ऊन चढलं की अजून विरळ, मग हेलिकॉप्टरच्या पात्यांना रेटायला हवाच कमी पडते आणि सामान कमी करावं लागतं. म्हणजे तापमानाचा अंदाज चुकला तर वर चौकीवर रॉकेलचा एखादा कॅन कमी पोचणार. तोफेचा गोळापण विरळ हवेत जास्त लांब जातो. समुद्रात तर अजून गंमत, पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1,500 मीटर जातो पण वरचं पाणी गरम नि खालचं गार असेल तर तो खाली वळतो, त्यामुळे सोनारला (आवाजाच्या लाटांनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र) न दिसणारा एक पट्टा तयार होतो आणि पाणबुडी तिथेच लपते.

बर्फाचं काम सगळ्यात अवघड वाटतं मला. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनच्या सोनम पोस्टवर, 19,600 फुटांवर, हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले. बर्फाचा कुठला थर कधी सुटेल हे सांगण्यासाठी डीआरडीओची चंदीगडला वेगळी लॅबच आहे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर एक फुगा. खाली खोक्याएवढं यंत्र बांधलेलं, मिनिटाला साधारण 300 मीटर वर चढतो, जाताजाता तापमान, दाब, ओलावा कळवतो, वाहत कुठे गेला त्यावरून वारा कळतो. जगभर एकाच ठरलेल्या वेळेला सोडतात, आपल्या घड्याळात सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. ठाणे स्टेशनवर सकाळच्या लोकलची गर्दी व्हायला लागते तोवर तो तीसेक किलोमीटर वर जाऊन फुटलेलापण असतो.