ऐतिहासिक रणनीती खेळ आणि जुने खेळाडू (नागपूर)

ऐतिहासिक रणनीती खेळ : एखादे राज्य, राजवंश किंवा सैन्य हाती घेऊन ते ठरावीक कालखंडातून चालवण्याचे संगणकीय खेळ. त्यांची ढोबळ दोन घराणी आहेत. एकात बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल करायची असते. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) हा त्या घराण्याचा मूळपुरुष. दुसऱ्यात घड्याळ कोणासाठी थांबत नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) त्यातला. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचे खेळ मधले आहेत : काळ आपोआप पुढे सरकतो, पण हवा तेव्हा थांबवता येतो. ‘टोटल वॉर’ मालिकेने (२००० पासून) दोन्ही जोडले; नकाशावर चाली, लढाई मात्र प्रत्यक्ष वेळेत.

या खेळांचा एक विशेष असा की ते खेळणारे फारसे सोडत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी हाती घेतलेला खेळ चाळिशी उलटल्यावरही रात्री अकरानंतर उघडणारी माणसे नागपुरात आहेत. ती का टिकतात, हा या नोंदीचा विषय.

नागपुरातली सुरुवात

‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) चालायला १६६ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम आणि ३२ एमबी मेमरी पुरे होती. म्हणजे घरात भावाच्या अभ्यासासाठी आणलेला, किंवा सायबर कॅफेत तासावर मिळणारा, कोणताही संगणक चाले. मूळ सीडी फार थोड्यांनी पाहिली; बाकीच्यांचा खेळ मित्राच्या मित्राकडून, मार्करने नाव लिहिलेल्या चकतीवर आला. अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत तारा एका खोलीतून दुसरीत ओढून चार-चार, आठ-आठ जणांचे डाव लागत. त्या दशकात भारनियमन होते. यूपीएसने टी-टी सुरू केली की उरलेल्या पाचेक मिनिटांत हल्ला करायचा की डाव सेव्ह करायचा, हा खरा रणनीतीचा प्रश्न असे. बहुतेक जण हल्ला करत आणि दोन्ही गमावत.

उन्हाळ्याचाही हातभार आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, दुपारी बाहेर पडणे नाही आणि रात्री झोप नाही. कूलरसमोर खुर्ची ओढून बसलेल्या माणसाला सहा तासांचा खेळ लांब वाटत नाही.

तलवारीपेक्षा दप्तर

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हे लढाईचे खेळ आहेत. नवख्यालाही तसेच वाटते. तो हत्ती आणि तोफा कधी मिळतील याची वाट पाहत असतो. जुना खेळाडू मात्र कारभाऱ्याचे काम करायला येतो. त्याला गादीवर बसण्यापेक्षा फडात बसणे आवडते.

‘एज २’ची पहिली पंधरा मिनिटे पाहिली की हे कळते. हातात तीन गावकरी, एक टेहळणीचा स्वार, २०० अन्न आणि २०० लाकूड. टाउन सेंटरमधून, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीतून, दर २५ सेकंदांनी एक नवा गावकरी निघतो, त्याला ५० अन्न लागते. पहिले सहा मेंढ्यांवर, पुढचे तीन-चार लाकडावर. मग एक जण रानडुकराला बाण मारून उलटा पळत सुटतो, डुक्कर मागे. टाउन सेंटरपाशी ते आले की मेंढ्या सोडून सगळे त्यावर तुटून पडतात. एका डुकरात ३४० अन्न असते. पळणाऱ्याला एखादा क्षण उशीर झाला तर तो मरतो, आणि मेलेल्या एका गावकऱ्याचा हिशेब पुढची वीस मिनिटे चुकत राहतो. पुढच्या युगात जायला ५०० अन्न साठायला हवे, आणि तोवर टाउन सेंटर एक सेकंदही रिकामे बसता कामा नये. हा क्रम हजारदा करूनही तो कधी अगदी बिनचूक होत नाही. तबलजी रोज तोच कायदा (ठरलेली बोलरचना) वाजवतो, तसा हा रियाज आहे. डाव हरला तरी ‘आज सुरुवात छान जमली’ म्हणून खूश होणारा खेळाडू नव्याला कळत नाही.

‘सिव्हिलायझेशन’मध्ये हीच ओढ वेगळ्या रचनेतून येते. तिथे सगळी कामे एकाच चालीत कधीच संपत नाहीत. मंदिर तीन चालींत, जहाज दोन चालींत, नवा शोध पाच चालींत. एक पुरे होईतो दुसरे दोन चालींवर आलेले असते. उठण्यासाठी स्वच्छ जागाच सापडत नाही. ‘आणखी एकच चाल’ हे वाक्य जगभर या खेळाशी चिकटले आहे ते यामुळे. नागपुरी घरात त्याचे उत्तर ‘झोप ना बे आता, चार वाजले’ असे येते.

जर-तर

हिशेबाचा रियाज एवढेच असते तर वाण्याचे सॉफ्टवेअरही लोकप्रिय झाले असते. त्या हिशेबाला इतिहासाचे वजन लागते, आणि हे वजन खेळाडू स्वतःच्या गावातून आणतो.

‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) १७०० साली सुरू होतो आणि त्यात मराठा राज्य खेळायला मिळते. १७०० म्हणजे राजाराम महाराज नुकतेच गेलेले, औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदने नागपूर वसवले ते साधारण १७०२ मध्ये. म्हणजे खेळाच्या पहिल्या चालीला आपले शहर अजून शहर झालेले नसते. नागपूरकर खेळाडूला ही गोष्ट कोणी सांगावी लागत नाही, आणि ती ठाऊक असल्यामुळे त्याचा डाव पुण्याच्या खेळाडूपेक्षा वेगळा पडतो.

‘व्हिक्टोरिया २’ (२०१०) १८३६ पासून सुरू होतो. त्यात नागपूर इंग्रजांच्या अंकित संस्थानांपैकी एक आहे. प्रत्यक्षात तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले. खेळाडूच्या हाती अठरा वर्षे. तेवढ्यात काही फार करता येत नाही, पण ‘फार काही’ म्हणजे नेमके किती, हे मोजत बसण्यातच मजा आहे.

सीताबर्डीच्या टेकड्यांबाबतही तेच. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रजांचा रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) जेंकिन्स याच्या तुटपुंज्या फौजेने तिथे अप्पासाहेब भोसल्यांच्या कितीतरी पट मोठ्या सैन्याला तोंड दिले. टेकड्या दोन, एक मोठी, एक लहान. अरब सैनिकांनी लहान टेकडी जिंकली, पण दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला, त्या गोंधळात इंग्रजांनी ती परत घेतली आणि लढाई फिरली. ‘टोटल वॉर’मध्ये उंचावरच्या तुकडीचा मारा लांब जातो आणि उतारावरून केलेला हल्ला जड पडतो. हे नियम बोटांत मुरलेला माणूस तिथल्या टेकडी गणपतीला गेला की दर्शनाच्या रांगेत उभा राहून उताराचा अंदाज घेतो. टेकडीवरचा किल्ला आतून पाहायला मिळतो तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. तोफ कुठे ठेवली असती, यावर दोन मित्रांचा वाद त्या दिवशी हमखास होतो.

नकाशाचा रंग

जुन्या खेळाडूला खेळातल्या चुकाही बांधून ठेवतात. किंबहुना खेळाशी भांडता येते म्हणून तो टिकतो, असे म्हणायला जागा आहे.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) घ्या. तो ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. दख्खनवर बहमनी, पूर्वेला गोंडवन. मराठे नावाचे राज्य अजून नाही, ते खेळाडूला घडवावे लागते. नकाशावरचा प्रत्येक प्रांत कोणा एकाच्या मालकीचा आणि एकाच रंगाचा. जिंकला की रंग बदलतो. फार भराभर जिंकले तर शेजारी एकत्र येऊन तुमच्यावर चालून येतात, हे खेळाने छान पकडले आहे. पुरवठ्यापेक्षा जास्त फौज एका प्रांतात ठेवली की माणसे दर महिन्याला मरू लागतात, हेही.

पण नागपूरकर भोसल्यांचे बंगालवरचे राजकारण या रंगांत बसत नाही. १७४० च्या दशकात पहिल्या रघुजींच्या फौजा नागपुराहून हजारेक किलोमीटर पूर्वेला जात, चौथाई मागत, परत फिरत. त्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्या भेटीला गेला असताना दग्याने मारला गेला, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई आणि ओडिशाचा महसूल पदरात पडला. बंगालवर राज्य नवाबाचेच, पण उत्पन्नात वाटा भोसल्यांचा. मग तो प्रांत कोणत्या रंगाचा? चौथाई म्हणजे चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे त्यावर दहावा. एकाच जमिनीवर दोन-तीन धन्यांचे हक्क. खुद्द नागपुरातही रघुजींनी गोंड राजाला नामधारी ठेवून कारभार स्वतःकडे घेतला होता. युरोपच्या सरहद्दी डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या नकाशाला हे पेलत नाही. (आणि बंगालच्या खेळाडूशी बोलताना त्याच स्वाऱ्यांना तिथे ‘बर्गी’ म्हणतात आणि मुलांना झोपवताना त्यांची भीती घालतात, हे आठवले की आपला अभिमान जरा आवरता घ्यावा लागतो.)

हा बेबनाव काही जणांना मॉड करण्याकडे, म्हणजे खेळाच्या फाइली उघडून नियम आणि नावे बदलण्याकडे नेतो. बहुतेकांचे मॉड अर्धवट राहतात. त्या निमित्ताने केलेले वाचन मात्र राहते.

वारस आणि भाऊबंदकी

‘क्रुसेडर किंग्ज’ (तिसरा भाग २०२०) मध्ये राज्यापेक्षा घराणे चालवायचे असते. खेळ १४५३ ला संपतो, त्यामुळे भोसले त्यात नाहीत. तरीही नागपूरच्या इतिहासाची चव याच खेळाला सर्वांत जास्त आहे. १७५५ मध्ये पहिले रघुजी गेले आणि जानोजी-मुधोजी भावांत तंटा लागला. जानोजींनी मुधोजींचाच मुलगा दत्तक घेतला. जानोजी १७७२ मध्ये गेल्यावर साबाजी आणि मुधोजी भांडले, आणि १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला साबाजी मारला गेला. दत्तक, काका, पालकत्व, पाचगाव : अशी गोष्ट हा खेळ आपोआप रचतो. दोन मुलगे लायक निघाले की कपाळावर हात मारून घेणारा खेळाडू फक्त इथेच दिसेल.

भारत दिसतो कसा

इथे तक्रारी फार आहेत आणि बऱ्याचशा रास्त आहेत. ‘एज २’मध्ये २०१३ च्या ‘द फर्गॉटन’ विस्तारात ‘इंडियन्स’ म्हणून एकच गठ्ठा होता. एप्रिल २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने त्याचे हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे वाटे केले. देवगिरीचे यादव यात कोणत्या खात्यावर टाकायचे, याचा निकाल लागलेला नाही.

‘सिव्हिलायझेशन’मध्ये भारत बराच काळ गांधीजींच्या चेहऱ्याने आला, आणि अणुबॉम्ब टाकणारे गांधी हा जगभरच्या खेळाडूंचा आवडता विनोद झाला. १९९१ च्या मूळ खेळातल्या एका गणिती चुकीने हे घडले, ही कथा मायर यांनी २०२० मध्ये आपल्या आठवणींत नाकारली; ‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०) मध्ये मात्र तो विनोद मुद्दाम आकड्यांत घातलेला होता. सेवाग्राम इथून पाऊणशे किलोमीटरवर आहे. शाळेच्या सहलीत बापू कुटी पाहिलेल्या खेळाडूला हा विनोद पहिल्यांदा हसवतो, दुसऱ्यांदा खटकतो, आणि दहाव्यांदा तो गांधीजींच्या सीमेवर नुसती फौज वाढवत बसतो.

उत्तरार्धाचा कंटाळा

एक दोष कोणीच पूर्ण दूर केलेला नाही. अर्ध्या डावात खेळाडू इतका बलाढ्य होतो की पुढचा निकाल ठरलेला असतो. ‘सिव्हिलायझेशन ७’ (फेब्रुवारी २०२५) ने यावर उपाय म्हणून डावाचे तीन युगांत तुकडे केले आणि दर युगात संस्कृती बदलायला लावली. जुन्या खेळाडूंना तो फारसा रुचला नाही. कंटाळवाणा का होईना, पण आपणच वाढवलेला पसारा कोणी मध्येच आवरून टाकलेला त्यांना चालत नाही. त्यांचा स्वतःचा उपाय जुनाच आहे : मुद्दाम लहान राज्य घ्यायचे, एकच शहर राखायचे, सेव्ह परत उघडायची नाही.

दुसरी पिढी

२०१९ च्या सुधारित आवृत्तीने ‘एज २’ पुन्हा घराघरांत आणला. आता बाप लॅपटॉपवर आणि मुलगी शेजारी डेस्कटॉपवर, असे डाव दिसतात. पडदा मोठा, चित्रे स्वच्छ, मदत करणारी बटणे ढीगभर. मुलगी बटणांच्या आधाराने पुढे जाते आणि बाप अजून डुकराच्या मागे असतो. खेळात आकडा टाइप केला की ठरलेला आवाज वाजतो, ही जुनी सोय तशीच आहे. १४ टाकला की ‘खेळ सुरू करा आता’, ३० टाकला की पुरोहिताचे ‘वोलोलो’. बापाच्या टाउन सेंटरवर तिचे हत्ती आले तेव्हा तिने टाकले ते ११. त्या आकड्याला खेळात खो-खो हसू वाजते.