कार्व्हिंग की ऑल-माउंटन? साठीनंतर स्की निवडताना

भाच्याने म्युनिकहून फोटो पाठवला. दुकानाच्या भिंतीला टेकवलेल्या स्कीच्या दोन जोड्या. उंची जवळपास सारखी, टोके सारखीच वर वळलेली, दोन्हींवर बूट अडकवायचे बाइंडिंग बसवलेले. खाली लिहिले होते, ‘‘मावशी, डावीकडची कार्व्हिंग, उजवीकडची ऑल-माउंटन. तू उजवीकडची घे. रुंद आहे, तोल जाणार नाही. या वयात तेच महत्त्वाचं.’’

सल्ला प्रेमाचा आहे आणि ऐकायला बरोबर वाटतो. रुंद पाटावर माणूस स्वस्थ बसतो, अरुंद पाटावर डगमगतो, हे लहानपणापासून अनुभवलेले. पण स्कीला हा हिशेब लागू पडत नाही. मी तो लावून पाहिला आहे. मी 1987 साली गुलमर्गला सरकारी संस्थेचा अभ्यासक्रम केला, पुढे काश्मीरचे दिवस बदलले, इकडे नोकरी, संसार, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरातून बर्फ फक्त फोटोत दिसायचा. निवृत्तीनंतर, तीन हिवाळ्यांपूर्वी, पुन्हा गेले. भाड्याच्या दुकानात वय विचारले आणि ‘स्थिर राहाल’ म्हणून 98 मिलिमीटर कमरेची, म्हणजे बुटाखाली तेवढी रुंद, स्की हातात दिली. दोन दिवस कडक, यंत्राने दाबलेल्या उतारावर घालवले. तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा आतल्या बाजूने सुजला आणि उरलेले चार दिवस खोलीच्या खिडकीतून लोकांना उतरताना पाहिले. पुढच्या वर्षी मागून घेऊन 72 ची वापरली. गुडघे तेच, उतार तोच, आणि सहा दिवस उतरले.

या दोन स्की दिसायला इतक्या सारख्या का, आणि पायाखाली इतक्या वेगळ्या का, हे नीट सांगावेसे वाटते. माझ्यासारखे पन्नाशी-साठीत परतणारे आता बरेच भेटतात, आणि प्रत्येकाला कोणीतरी ‘रुंद घ्या’ म्हणून सांगितलेले असते.

फरक फोटोत शोधू नका, स्कीवर छापलेल्या आकड्यांत शोधा. शेपटाजवळ तीन आकडे असतात, उदाहरणार्थ 120-72-102. पहिला टोकाची रुंदी, दुसरा कमरेची, तिसरा शेपटाची, सगळे मिलिमीटरमध्ये. मधला आकडा आधी वाचायचा. तो साधारण 65 ते 76 च्या आत असेल तर ती दाबून सपाट केलेल्या उतारासाठीची, म्हणजे कार्व्हिंग स्की. 80 ते 100 असेल तर ऑल-माउंटन, म्हणजे दाबलेल्या उताराबाहेरही चालणारी. त्याहून रुंद असेल तर ती खोल, ताज्या बर्फाची. मधली दोन-चार मिलिमीटरची पट्टी कुठल्याच घरात बसत नाही, तिचे पुढे बघू.

आता हे मिलिमीटर गुडघ्यापर्यंत कसे पोचतात ते. स्कीच्या बुटाचा तळ पुढे आणि मागे साधारण 70 मिलिमीटर रुंद असतो. हे माप प्रमाणित आहे, कारण तो तळ कुठल्याही बाइंडिंगमध्ये बसायला हवा. स्कीची कंबर 72 असेल तर तिची पोलादी कड जवळजवळ बुटाच्या कडेखालीच येते. कंबर 98 असेल तर कड बुटाच्या प्रत्येक बाजूला 14 मिलिमीटर बाहेर जाते. आणि वळताना आपण उभे असतो ते तळावर नाही, कडेवर. बाहेरच्या पायातली स्की आतल्या कडेवर कलते आणि बर्फ त्या कडेला खालून वर ढकलतो. कड बुटाखाली असली की हा जोर नडगीतून बऱ्यापैकी सरळ वर जातो. बाहेर असली की तोच जोर स्कीला पुन्हा सपाट पाडायला बघतो. घोटा बुटात जखडलेला, त्याला वळता येत नाही, मग तो पीळ वर सरकतो आणि गुडघ्याला घ्यावा लागतो.

घरी करून बघा. जमिनीवर बुटाएवढ्या रुंदीची लाकडी पट्टी ठेवा, बूट घालून मध्यावर पाय ठेवा आणि पट्टी आतल्या कडेवर तिरकी करा. सहज होते. मग पोळपाटावर तेच करा, आणि हाताने काहीतरी धरून ठेवा. पोळपाट पायाला परत सपाट आपटायला बघतो आणि तुमचा गुडघा आत ओढला जातो. एका उतारात असे पन्नासएक वेळा होते, दिवसात असे पंधरा उतार.

म्हणजे स्थिरता कमरेच्या रुंदीतून येत नाही. पुढे-मागे तोल राहतो तो स्कीच्या लांबीमुळे आणि ती किती ताठ आहे त्यामुळे. वळणात आधार मिळतो तो कड बर्फाला किती पटकन आणि किती घट्ट धरते त्यामुळे. कडक बर्फावर या दोन्ही बाबतींत अरुंद स्की पुढे असते.

तरीही ऑल-माउंटनला वाईट म्हणता येणार नाही, ती दुसऱ्या बर्फासाठी आहे. रात्री दीड फूट ताजा बर्फ पडला की सगळे उलटते. अरुंद स्की त्यात बुडते, टोक खाली जाते, आपण घाबरून मागे झुकतो, आणि मागे झुकून उतरणे म्हणजे मांड्यांची परीक्षा. रुंद स्की तरंगते, कारण वजन जास्त जागेवर पसरते. आणि तिथे पिळाचा प्रश्नही उरत नाही, कारण मऊ बर्फात जोर एका कडेवर न येता सगळ्या तळावर येतो. ज्या गुडघ्याला कडक उतारावर 98 नकोशी होती, त्याच गुडघ्याला खोल बर्फात ती हवीशी होते.

त्यामुळे खरा प्रश्न वयाचा नाही, तुम्ही दिवस कुठे घालवणार याचा आहे. युरोपात राहणारे बहुतेक वेळ यंत्राने दाबलेल्या उतारांवर असतात, तिथे उत्तर सोपे आहे. आपल्याकडे गुलमर्ग वेगळे आहे. खाली 2650 मीटरच्या आसपास, गोल्फच्या मैदानाजवळचे सौम्य उतार शिकणाऱ्यांचे आणि परतणाऱ्यांचे. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा 1998 मध्ये झाला, दुसरा 2005 मध्ये, आणि दुसरा थेट अफरवाट शिखराच्या खांद्यावर, 3900 मीटरच्या वर नेऊन सोडतो. तिथून खाली येणारा डोंगर बहुतांश न दाबलेला, खोल बर्फाचा, हिमस्खलनाचा. जग गुलमर्गला येते ते या डोंगरासाठी, आणि म्हणूनच तिथल्या भाड्याच्या दुकानांत रुंद स्की जास्त दिसतात. पण तीस वर्षांनी परतणारा माणूस पहिल्या आठवड्यात अफरवाटवर जात नाही, जाऊही नये. तो खालच्या उतारांवर असतो आणि पायात मात्र वरच्या डोंगराची स्की असते. माझे नेमके हेच झाले होते.

उत्तराखंडातल्या औलीचा उतार बराचसा दाबलेला असतो, बर्फ कमी पडला तर यंत्राने बर्फ पाडायची यंत्रणाही तिथे बसवली होती. यंत्राचा बर्फ घट्ट आणि कडक असतो. तिथे जाणार असाल तर अरुंद स्कीच.

कार्व्हिंग ठरवली तरी एक खड्डा उरतो, आणि तो पहिल्यापेक्षा फसवा आहे. कार्व्हिंगच्या रांगेतच शर्यतीच्या स्की उभ्या असतात. कंबर तीच, 66-68, रंग अधिक देखणे, आणि सवलत लागली की हात आपोआप तिकडे जातो. पण त्या ताठ असतात, आत धातूचे थर असतात, आणि वेग व जोर दिल्याशिवाय त्या वाकत नाहीत. वाकल्या नाहीत तर वळत नाहीत. त्यावर जरा मागे बसलात तर शेपूट सरळ पुढे घेऊन पळते. परतणाऱ्याला हवी ती त्याच कमरेची पण मधल्या ताठपणाची. दुकानात टोक एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मध्यावर दाबून बघायचे. थोडा जोर लावल्यावर ती धनुष्यासारखी वाकली पाहिजे. फोटोत हे कळत नाही, म्हणून भाच्याला दाबून बघायला सांगितले आहे.

लांबीबद्दल आमच्या पिढीला सगळे विसरावे लागते. आम्हाला शिकवले होते, हात सरळ वर करा, स्की मनगटापर्यंत आली पाहिजे. मी 158 सेंटिमीटरची आणि मला 185 ची दिली होती. ती जवळपास सरळ पट्टी होती, कंबर आणि टोक यांत फार फरक नसायचा. अशा स्कीला वळवायचे म्हणजे वर उसळून, पाय जोडून, शेपूट घसरवत फिरवायचे. 1990 च्या दशकात मधोमध चांगल्याच बारीक झालेल्या स्की आल्या आणि जुन्या पट्ट्या काही वर्षांत दुकानांतून गेल्या. आताची स्की कलवली की तिची वक्र कड स्वतःच वळण काढते. तिची त्रिज्याही छापलेली असते, 12 मीटर, 15 मीटर. आकडा लहान तर वळण आखूड. एकच मॉडेल लांब घेतले तर त्रिज्याही वाढते, हे लक्षात ठेवायचे. कार्व्हिंग स्की हनुवटी ते नाक या उंचीत पुरते. ऑल-माउंटन नाक ते कपाळ, कारण तिचे टोक आधीपासूनच जरा वर उचललेले असते आणि कडक उतारावर तेवढा भाग बर्फाला टेकतच नाही, म्हणून ती प्रत्यक्षात छापलेल्या लांबीपेक्षा आखूड वागते. दोन्ही शेजारी उभ्या केल्या की ऑल-माउंटन लांब दिसते आणि लोक घाबरून तिची आखूड जोडी घेतात. मग ना ती ताज्या बर्फात तरंगते, ना कडक बर्फात धरते.

मधल्या पट्टीबद्दल, म्हणजे 76 ते 80. दरवर्षी एकदाच जाणाऱ्याला, आणि खाली-वर दोन्हीकडे थोडे थोडे करायचे असेल, तर 78 ची मऊसर स्की हा प्रामाणिक मधला रस्ता आहे. माझ्या मते 85 च्या पुढे मात्र पन्नाशीनंतर परतणाऱ्याने विकत घेऊ नये. खोल बर्फाचा दिवस उजाडला तर त्या दिवसापुरती रुंद भाड्याने घ्यावी. ती गुलमर्गमध्ये हमखास मिळते, अरुंद चांगली मिळेलच असे नाही. विकत घ्यायची ती अवघड मिळणारी.

पैसे आधी बुटावर खर्च करा, स्कीवर नंतर. माळ्यावरचे जुने प्लास्टिकचे बूट नव्या स्कीवर घालू नका. ते प्लास्टिक वर्षानुवर्षे पडून ठिसूळ होते आणि उतारावर तडकते. जुन्या स्कीवरचे बाइंडिंगही वापरू नका, त्याच्या स्प्रिंगचा भरवसा उरलेला नसतो. नव्या बाइंडिंगचा सुटण्याचा आकडा वजन, उंची, तळाची लांबी, कौशल्य आणि वय पाहून तक्त्यावरून काढतात, आणि 50 च्या पुढे तक्ता एक पायरी खाली नेतो, म्हणजे पडताना बूट लवकर सुटतो. तंत्रज्ञाला वय खरे सांगा. आणि ‘मी चांगली खेळते’ असे सांगू नका, कारण त्या उत्तराने आकडा वर जातो. माझ्या ओळखीच्या एका काकांनी चारचौघांत वय दहा वर्षांनी कमी सांगितले होते. मला आजही त्यांची काळजी वाटते.

पायांची तयारी मी बडोद्याजवळच्या पावागडावर करते. चढताना नाही, उतरताना. पायऱ्या उतरताना मांडी ताणाखाली लांबत जाते आणि वजन तोलते, स्कीवर दिवसभर तिचे हेच काम असते. माचीपासूनच्या पायऱ्या सावकाश, कठडा न धरता, आठवड्यातून एकदा, दिवाळीपासून. या वर्षी मैत्रिणीलाही ओढून नेते आहे. तिने कधी बर्फ पाहिलेला नाही, पण जानेवारीत ती माझ्याबरोबर येणार आहे.

भाच्याला काल रात्री उत्तर पाठवले: ‘‘डावीकडची, पण शर्यतीची नसेल तरच. कंबर 70 ते 74. लांबी 146 च्या आसपास, 150 च्या वर नको. त्रिज्या 11 ते 13. मध्यावर दाबून बघ, तुझ्या हाताने सहज वाकली पाहिजे. बुटाच्या तळाची लांबी 285 मिमी, वजन 60 किलो, वय 61, हे दुकानात खरे सांग. उजवीकडची परत भिंतीला लाव. ती चांगली आहे, पण तिचा बर्फ वेगळा आहे.’’

त्याचे उत्तर आले, ‘‘मावशी, दुकानदार म्हणतो 72 ची 146 मध्ये एकच जोडी उरली आहे, पिवळ्या रंगाची. चालेल?’’

चालेल म्हणून कळवले.